दिनूभाऊंची पोकळ गिटार

गिटार विकायची म्हणून मोबाईलवर फोटो टाकला, तर तासाभरात पुण्याहून एकाचा फोन. नाव-गाव सांगायच्या आधीच त्याने विचारलं, तारांखालचे पिकअप मूळचेच आहेत की बदललेले? आणि बदलायचे झाले तर सोपे जातील का? मूळचेच आहेत म्हणालो असतो तर खोटं नव्हतं, बदललेत म्हणालो असतो तरी खोटं नव्हतं. शेवटी नंतर फोन करतो म्हणालो. तो अजून केलेला नाही.

गिटार दिनूभाऊंची. दिनकर ओव्हाळ, मूळचे टाकवे बुद्रुकचे, राहायला तळेगावात. आमच्या कंपनीत ते प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा ठोकायच्या विभागात, मी स्टोअरला. आणि लग्नसराईत, जयंतीच्या दिवसांत आम्ही दोघं एकाच गायन पार्टीत. ते गिटार वाजवायचे, मी ऑक्टोपॅड. गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या बायकोने, महानंदावहिनींनी, गिटार माझ्याकडे आणून दिली. म्हणाल्या, कुणी वाजवणारा असला तर द्या, भिंतीला टांगणारा नको.

दिनूभाऊ म्हटलं की मला पहिल्यांदा आठवतं ते त्यांचं उभं राहणं. हा माणूस बसायचा नाही. चहा उभ्याने, जेवण निम्मं उभ्याने, आणि कार्यक्रमात तर गिटार गळ्यात अडकवून स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या. गाणाऱ्या बाईंनी एकदा माइकवरूनच विचारलं होतं की दादा, तुमचं काही हरवलंय का. उंच, काटक अंग, हाताची बोटं लांब आणि सतत कशावर तरी वाजणारी. कलिंगड असो, मंडपाचा खांब असो की नवीन कपाट, बोटाच्या पेराने टकटक केल्याशिवाय त्यांचा त्या वस्तूवर विश्वास बसत नसे.

दुसरी खोड बदलण्याची. "हाय ते बरं हाय, पन जरा बदलून बघू की," हे त्यांचं वाक्य आमच्या अख्ख्या शॉपला पाठ होतं. मोटारसायकलचं हँडल बदललं, सीट बदललं, मग जुनं हँडल परत बसवलं. घरातलं कपाट भिंतीभिंतीला फिरवलं. दारावरची बेल तर सारखी बदलत. आधी पाखराची किलबिल होती, मग मंदिरातल्या घंटेसारखी टणटण, आणि शेवटी ट्रकच्या हॉर्नसारखा भोंगा. त्या भोंग्याने शेजारच्या म्हाताऱ्या बाई दचकून उठत. आम्ही हसायचो. वहिनी मात्र हसत नसत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

आता कानतपासणीचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळायचं नाही. वर्षातून एकदा कंपनीच्या गेटशी एक गाडी येई. तिच्यात छोटी बंद खोली, खोलीला काचेची खिडकी. आत बसून कानाला हेडफोन लावायचा, हातात बटण घ्यायचं आणि बारीक 'टूं' ऐकू आलं की दाबायचं. प्रेस शॉपमध्ये दिवसभर पत्र्यावर दणके पडत. कानात घालायला कंपनी बोळे देई, ते बरेच जण खिशात ठेवत. तपासणीत नापास झालं की प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवत. प्रेसवाल्यांच्या लेखी पॅकिंग म्हणजे जिवंतपणी पेन्शन. म्हणून जुनी माणसं नव्यांना आधीच शिकवून ठेवत, की खिडकीतून तपासणाऱ्या बाईंचं कोपर दिसतं, ते हललं की बटण दाब.

दिनूभाऊंना कोपराचीसुद्धा गरज नव्हती. ती बाई आवाज ठेक्यात सोडते, हे त्यांनी शोधून काढलं होतं. कँटीनच्या टेबलावर बोटांनी वाजवून ते सगळ्यांना दाखवायचे: तीन मात्रा सोडायच्या, चौथीला दाबायचं, कान बदलला की एक मात्रा रिकामी जाऊ द्यायची. त्यांचं बघून निम्मं शॉप ठेक्यात पास होऊ लागलं. रिपोर्ट आला की दिनूभाऊ तो घडी घालून खिशात ठेवत आणि सांगत, डॉक्टर म्हणतो तुमचे कान पोरासारखे आहेत. गंमत म्हणजे त्यांना ते खरंच वाटत असे. बटण आपण कशावर दाबलं, हे रिपोर्ट हातात येईपर्यंत ते विसरून गेलेले असत.

निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांच्या मनाने एक गोष्ट घेतली. लोणावळ्यात वलवणकडे एका हॉटेलच्या लॉनवर शनिवारी संध्याकाळी कुणीतरी हळू आवाजात जुनी गाणी वाजवावीत अशी तिथल्या मॅनेजरची इच्छा होती, आणि त्याने दिनूभाऊंना विचारलं होतं. गाणारा नाही, ऑक्टोपॅड नाही, फक्त गिटार. हे सांगताना त्यांचा आवाज वेगळाच झाला होता. "शेलार, निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या मागं हुबं ऱ्हाऊन वाजवलं. आता खुर्ची टाकून एकटा वाजवनार. लोकं माझंच ऐकतील." मी म्हटलं, तुम्ही आणि खुर्चीवर? त्यावर त्यांनी मला बोटाच्या पेराने डोक्यात टकटक केलं.

त्यासाठी त्यांना पोकळ गिटार हवी होती. पार्टीतली त्यांची गिटार भरीव लाकडी फळीची होती, तिचा आवाज सगळा विजेवर. पोकळ गिटारला आतून रिकामं पोट असतं, वरच्या फळीवर व्हायोलिनसारखी दोन नागमोडी भोकं असतात, आणि शिवाय तारांखाली पिकअपही असतात. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची केसाइतकी बारीक तार. वरची तार थरथरली की ती थरथर विजेतून स्पीकरकडे जाते. आवाज जाड होणार की धारदार, हे बरंचसं तिथेच ठरतं. नवीन घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून जुनीच्या शोधात त्यांनी सगळ्यांना कामाला लावलं आणि शेवटी तुंगार्लीतल्या एका बंगल्यात ती सापडली.

बंगल्याचे मालक जहाजावर नोकरी करून आलेले म्हातारे गृहस्थ. बोटं आखडली होती, गिटार धरता येत नव्हती, तरी ती रोज पुसत असावेत. मधाच्या रंगाचं लाकूड नुसतं चमकत होतं. दिनूभाऊंनी तिच्या पाठीवर टकटक केलं, मान डोलावली, आणि उभ्यानेच एक जुनं सिनेमाचं गाणं वाजवलं. मी खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. एकेक सूर भरलेला, गोल, कुठे टोचत नव्हता. म्हातारबुवांनी डोळे मिटून घेतले होते. दिनूभाऊंनी मात्र आवाजाची खुंटी पार टोकाला फिरवली आणि कपाळाला आठी घातली.

"आवाज जरा दाबल्यावानी येतोय."

"दाबल्यासारखा?" म्हातारबुवा गडबडले. "अहो, मध आहे तो, मध."

"मध बरा हाय. पन मला जरा मिरची पायजे."

गिटार मांडीवर आडवी धरून मी मागे बसलो आणि आम्ही जुन्या हायवेने परत निघालो. कामशेतला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी जाहीर केलं की पिकअप बदलायचे. घेऊन पुरता तासही झाला नव्हता. मी म्हटलं, आधी चार दिवस वाजवून तर बघा. पण ऐकतील ते दिनूभाऊ कसले.

पोकळ गिटारचे पिकअप बदलणं हे चिकाटीचं काम. मागे झाकण नसतं. आतल्या वायरी, आवाजाच्या खुंट्या, सगळं त्या नागमोडी भोकांतूनच बाहेर काढायचं आणि तिथूनच आत घालायचं. त्यासाठी प्रत्येक तुकड्याला दोरा बांधून ठेवावा लागतो, म्हणजे नवीन तुकडा त्याच दोऱ्याने ओढून जागेवर आणता येतो. दिनूभाऊंच्या बोटांना एवढा धीर नव्हता. दोऱ्याची बाजू महानंदावहिनींनी सांभाळली. शिवणाच्या डब्यातला दोरा, प्रत्येक जागेला वेगळा रंग. ओढता ओढता त्या एवढंच म्हणायच्या, हळू, हिसका देऊ नका. मूळचे पिकअप त्यांनी जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून कपाटात टाकले.

नवीन पिकअप आले, चांगले धारदार. दिनूभाऊंना ते आठवडाभर आवडले, मग आवाज पुन्हा दबला. मुंबईहून दुसरे मागवले, ते आणखी धारदार. तेही दबले. तिसऱ्या वेळी कुणाकडून तरी बिननावाचा एक स्वस्त पिकअप आणला, त्याचा आवाज माझ्या कानात सुईसारखा जायचा. त्यांना विचारलं तर म्हणायचे, आता कुठं जरा मोकळा व्हायलाय. वर तारा बदलल्या, स्पीकर बदलला, स्पीकरची दिशा बदलली. चैन कशी ती नाहीच. निवृत्तीचा निरोपसमारंभ झाला त्या दिवशीसुद्धा हारतुरे काढून ते थेट घरी जाऊन गिटार उघडून बसले होते.

मग तो शनिवार. हॉटेलचं लॉन, थंडीचे दिवस, टेबलांवर मुंबईची कुटुंबं. दिनूभाऊंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मॅनेजरने खुर्ची ठेवली होती, तिच्यावर ते दोन गाणी बसले आणि तिसऱ्याला उभे राहिले. आवाज वाढवत वाढवत फिरू लागले आणि फिरता फिरता स्पीकरच्या समोर आले. पोकळ गिटार स्पीकरसमोर आली की आवाज तिच्या पोटात शिरतो आणि तोच फिरून स्पीकरला जातो, त्यात तो स्वस्त पिकअप. एक बारीक, लांबलचक शिट्टी सुरू झाली. लोकांनी कानांवर हात ठेवले. एक लहान मूल रडायला लागलं. वेटर ट्रे घेऊन जागच्या जागी थांबला.

आणि दिनूभाऊ वाजवत होते. चेहऱ्यावर हसू, मान ठेक्यात. लोक कानांवर हात का ठेवताहेत हे त्यांना उमगत नव्हतं. शिट्टी त्यांना ऐकूच येत नव्हती. मी धावत जाऊन वायर उपसली, तेव्हा ते माझ्यावर असे उखडले की सगळ्या लॉनसमोर मला शिव्या बसल्या.

परतीच्या वाटेवर कार्ला फाट्याला मी गाडी थांबवली आणि सरळ सांगितलं, भाऊ, गिटारला काही झालेलं नाही, तुमचे कान गेलेत. मलाही राग आला होता, आवाज चढला असेल. ते म्हणाले, माझ्या कानाचे रिपोर्ट बघ आधी, दरसाल पास झालोय. मी म्हटलं, कसे पास झालात ते अख्ख्या कँटीनला ठाऊक आहे. मला वाईट वाटलं, पण बोललेलं मागे घ्यावंसं वाटलं नाही.

घरी सोडायला गेलो तर दार वहिनींनी उघडलं. मी झाला प्रकार सांगितला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला ठाव हाय. कुकरच्या शिट्ट्या ह्यांना येत न्हाईत. बेल बदलून बदलून भोंगा लावला, तवा कुटं दार उघडाय लागले. मीच म्हनलं न्हाई. गिटार हाय म्हनून मानूस हाय." ज्या बेलवर आम्ही इतकी वर्षं हसलो होतो तिच्याकडे मला वर बघवेना.

पुढच्या आठवड्यात तळेगावातल्याच एका कानाच्या दवाखान्यात त्यांना घेऊन गेलो. तिथेही तशीच बंद खोली, तसाच हेडफोन, हातात बटण. पण खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली, आणि तपासणारी मुलगी आवाज सोडायची तो मनाला येईल तेव्हा. कधी लागोपाठ दोन, कधी कितीतरी वेळ काहीच नाही. बाहेरच्या बाकावरून दाराच्या काचेतून मला त्यांचा पाय दिसत होता. आधी तो ताल धरू बघत होता. मग अडखळला. मग थांबला. दिनूभाऊंचा पाय थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला.

बाहेर आले ते हसत. "ह्या पोरीला ठेकाच न्हाई, शेलार," म्हणाले. आणि ते म्हणता म्हणताच त्यांचं हसू गेलं.

डॉक्टरांनी कागदावर रेघ दाखवली. सुरुवातीला सपाट आणि पुढे खंडाळ्याच्या घाटासारखी खाली खाली उतरत गेलेली. बोलणं ऐकू येईल, ढोल ऐकू येईल, पण वरचे बारीक सूर कधीचेच गेलेले आहेत, आणि गेलेले परत यायचे नाहीत. यंत्राने थोडी मदत होईल. दिनूभाऊंनी सगळं मान हलवत ऐकून घेतलं. जिना उतरताना ते मधल्याच पायरीवर थांबले.

"म्हंजे त्या म्हाताऱ्याचं खरं व्हतं," ते म्हणाले. "मधच व्हता त्यो."

त्यानंतर बरेच दिवस ते गिटारला शिवले नाहीत. कानाचं यंत्र घेतलं, पण त्यातून गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजते म्हणाले. ते यंत्रही दोन-तीनदा बदलून आणलं, शेवटी बोलाचालीपुरतं ठेवलं. मला वाटलं, संपलं आता. हॉटेलच्या मॅनेजरला काय सांगायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. तो भला माणूस, त्याने मधल्या शनिवारांना दुसऱ्या कुणाला बोलावलं नव्हतं.

मग एके दिवशी वहिनींचा फोन आला, की हिरवा दोरा आणि पिवळा दोरा गुंतलाय, जरा येऊन जा. गेलो तर साडीचा तुकडा जमिनीवर सोडलेला, मूळचे पिकअप बाहेर, आणि गिटार दोघांच्या मध्ये आडवी. वहिनी दोरा ओढत होत्या आणि दिनूभाऊ भोकातून टॉर्च धरून होते. मी विचारलं, आता कसं कळणार तुम्हाला, आवाज बरोबर आहे की नाही? दिनूभाऊंनी हनुवटीने बायकोकडे खूण केली. वहिनी म्हणाल्या, मला गाण्यातलं काय कळतंय, यांचं आपलं काहीतरीच.

पण काय कळतं ते मला त्या मोसमातल्या शेवटच्या शनिवारी वलवणला दिसलं. त्यानंतर मी त्यांना वाजवताना पाहिलं नाही. मला पोहोचायला उशीर झाला होता. लॉनवर दिवे लागत होते. दिनूभाऊ खुर्चीत बसले होते, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, गिटार छातीशी घट्ट धरलेली. आणि समोरच्याच टेबलाशी, सगळ्या थाटामाटाच्या मंडळींत, महानंदावहिनी नऊवारी नेसून मांडीवर पिशवी घेऊन पावटे सोलत होत्या. वेटर टरफलांकडे बघत वळसा घालून जात होते. मॅनेजर लांबून मला खुणेने विचारत होता की हे काय, आणि मी त्याला हाताने थांब म्हणालो.

दिनूभाऊ ना तारांकडे बघत होते ना लोकांकडे. त्यांची नजर वहिनींच्या हातांवर होती. गाणं वर चढलं आणि वहिनींची बोटं शेंगेवर थांबली. दिनूभाऊंनी वाजवता वाजवता करंगळीने आवाजाची खुंटी जराशी मागे फिरवली. बोटं थांबलेलीच. आणखी जराशी फिरवली. वहिनींनी शेंग सोलली, दाणे ओच्यात टाकले, पुढची घेतली, आणि त्यांचे हात गाण्याच्या चालीने चालू लागले. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. आपण काही करतो आहोत याचा त्यांना पत्ताही नसावा. शेजारच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे मिटून घेतले.

खुंटीला मग दिनूभाऊंनी पुन्हा हात लावला नाही. पिशवीतल्या शेंगा संपेपर्यंत ते वाजवत राहिले.